चौथी बहीण

बारशाच्या दिवशी राहून गेले म्हणून पाचव्या महिन्यात आम्ही मुलाचे कान टोचून घ्यायचे ठरवले आणि रीतीप्रमाणे ओळखीच्या सोनारांना घरी बोलावले. त्यांनी सोन्याची बारीक तार, चिमटा आणि हळद लावलेला कापूस ताटलीत मांडला, सासूबाईंनी माझ्या मांडीवरच्या मुलाचे डोके घट्ट धरले, आणि दोन्ही पाळ्या टोचून तारेची टोके पिळून होईपर्यंत मिनिटभरही गेले नसेल. मूल रडले, दूध पिऊन झोपले. पाळीवर आलेला रक्ताचा थेंब मी पुसला. अर्ध्या तासाने तिथे पुन्हा एक थेंब होता, तोही पुसला. नळाची वायसर झिजल्यावर पाणी जसे रात्रभर ठिबकत राहते, तसे ते रक्त ठिबकत राहिले. पहाटे त्याच्या डोक्याखालची मोहरीची उशी उचलली तेव्हा ती हाताला जड लागली.

चार दिवसांनी हिमोफिलिया हा शब्द आमच्या घरात आला. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी आठव्या क्रमांकाचा घटक मुलाच्या रक्तात एक टक्क्याहूनही कमी होता, म्हणजे आजार तीव्र प्रकारचा होता. हा शब्द घरातल्यांना नीट उच्चारता येण्याआधीच त्याच्या मागोमाग प्रश्न आला. चुलत सासूबाईंनी स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन, खरोखरच्या काळजीने आणि अगदी हळू आवाजात विचारले, ‘तुझ्या माहेरी कुणाला होतं का गं असं?’

होते. माझे दोन मामा मी जन्मण्याआधीच गेले. एक दुधाचा दात पडल्यावर, दुसरा ओट्यावरून पडून डोक्याला मार लागल्यावर. थोरल्या मावशीचा मुलगाही असाच गेला. आजीने त्यासाठी त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबळी केला होता, आणि आमच्या घरात या तिन्ही मुलांबद्दल जे काही बोलले जाई ते ‘दोष’ या शब्दाने सुरू होऊन त्याच शब्दाशी थांबत असे. ती तिन्ही मुले मुलगेच होती आणि तिघांचीही नाती बायकांमधून जुळत होती, हे साठ वर्षांत कोणी मोठ्याने बोलून दाखवले नव्हते.

समुपदेशन करणाऱ्या बाईंनी कागदाच्या पाठीवर आमचे घराणे काढले. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल, आणि जी बाई स्वतः आजारी नसून दोषी जनुक बाळगते तिच्या गोलात मधोमध एक टिंब. आजी, आई, मावशी, मी. कुंकू लावलेल्या चार चेहऱ्यांसारखा तो कागद दिसत होता. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड आहे, अशा आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला तो जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते, असे त्यांनी सांगितले. सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश घरांत तो आधी कोणालाही झालेला नसतो, हेही सांगितले. मी कागदाकडे पाहत होते आणि मला ऐकू येत होते ते एवढेच, की माझ्याकडून आले.

रुग्णालयात मुलाला ठेवले होते त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर वसईकडचे एक मूल होते. त्याच्या आईच्या पिशवीत मराठी बायबल असे. एकदा रात्री फॅक्टरची, म्हणजे मुलाच्या रक्तात कमी असलेल्या त्या घटकाची, बाटली चढत असताना तिने काही न बोलता योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून पुस्तक माझ्या हातात दिले. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते, तेव्हा हा अध्याय माझ्या वाचनात पूर्वी आला नव्हता असे नाही. पण संदर्भासाठी वाचणे वेगळे आणि मुलाच्या हातातली सुई हलू नये म्हणून त्याचे मनगट धरून वाचणे वेगळे. रस्त्यात एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा थेट चुलत सासूबाईंचा प्रश्न. येशू म्हणतो, याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही. देवाची कृती याच्या ठायी दिसावी म्हणून हा असा जन्मला.

उत्तराच्या पहिल्या अर्ध्याने मला त्या रात्री जो श्वास घेता आला तो दुसऱ्या अर्ध्याने पुन्हा अडकला. कोणाचीही कृती दिसावी म्हणून माझ्या मुलाचा गुडघा सुजावा, हे मला आजही मान्य नाही. मला त्या अध्यायात जास्त जवळचे वाटतात ते आंधळ्याचे आईबाप. त्यांना चौकशीला बोलावतात तेव्हा ते घाबरून एवढेच म्हणतात, हा आमचा मुलगा आहे आणि हा आंधळा जन्मला हे आम्हाला ठाऊक आहे; बाकी त्यालाच विचारा, तो वयात आलेला आहे. आणि शेवटी धर्मपंडित त्या माणसाला हाकलून देताना जे म्हणतात त्यात मूळ प्रश्न पुन्हा परत येतो: तू तर पापातच जन्मलास. येशूचे उत्तर त्याच अध्यायाच्या अखेरपर्यंतसुद्धा टिकलेले नाही. ते पुढच्या चार शतकांत किती टिकले, हे शोधण्यात माझी नंतरची बरीच जागरणे गेली.

ज्या जगात हे उत्तर दिले गेले त्या रोमन जगात प्रश्नच वेगळा होता. तिथे पाप कोणाचे यापेक्षा मूल ठेवायचे की नाही हे आधी ठरे. इसवी सनापूर्वी 450 च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यात भयंकर व्यंग असलेले मूल लगेच मारावे असा नियम होता, असे रोमन वक्ता सिसेरो नोंदवतो. तत्त्वज्ञ सेनेका तर पहिल्या शतकात लिहितो की दुबळी आणि विकृत जन्मलेली मुले आम्ही बुडवतो, आणि हे रागाने होत नसून निरोगी आणि रोगट वेगळे करणारी बुद्धीच ते करते. रागाविषयीच्या त्या ग्रंथात हे उदाहरण शांतपणाचे म्हणून आले आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये व्यवसाय करणाऱ्या इफिसच्या सोरेनस या वैद्याने सुइणींसाठी लिहिलेल्या ग्रंथात कोणते मूल वाढवण्याजोगे आहे ते ओळखायचे कसे, यावर प्रकरणच आहे: आई गरोदरपणी निरोगी होती का, मूल दिवस पूर्ण भरून झाले का, जमिनीवर ठेवताच जोरात रडते का, त्याचे सगळे अवयव आणि सगळी द्वारे नीट आहेत का. ते वाचताना मी नकळत एकेक खूण माझ्या मुलाला लावून पाहिली. तो त्या परीक्षेत पूर्ण गुणांनी पास झाला असता. हिमोफिलिया जन्मतः दिसत नाही. मूल रांगू लागल्यावर गुडघ्यांवर निळे डाग उमटतात तेव्हा तो दिसतो, किंवा कोणी सुई किंवा सुरी हातात घेते तेव्हा.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी या बाबतीत जे केले ते निःसंशय मोठे होते. ‘डिडाखे’ ही छोटी संहिता पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिची हस्तलिखित प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. गर्भ पाडू नकोस आणि जन्मलेल्या मुलाला मारू नकोस, ही आज्ञा तिच्यात खून, चोरी, व्यभिचार यांच्या निषेधाच्याच ओळीत येते. 155 च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रोमन सम्राटाला उद्देशून लिहितो की मुले टाकून देणे हे दुष्टांचे काम, कारण अशी टाकलेली मुले-मुली बहुधा वेश्यागृहात पोचतात. पुढे 374 मध्ये सम्राट व्हॅलेंटिनियन पहिला याच्या काळात अर्भकहत्या देहान्ताच्या शिक्षेचा गुन्हा ठरली. पण ख्रिस्ती धर्माने जगाला प्रथम करुणा शिकवली, असे जे सरसकट लिहिले जाते ते मला पटत नाही. आपली सगळी मुले वाढवायची ही रीत ज्यूंची होती. रोमन इतिहासकार टॅसिटस त्यांच्यावर टीका करतानाच ही गोष्ट नोंदवतो, आणि अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो याने मूल टाकण्याविरुद्ध जस्टिनच्या शंभर वर्षे आधी लिहिले आहे. ख्रिस्ती मंडळींनी आपल्या आईच्या घरची रीत बाहेरच्या जगात नेली, असे फार तर म्हणावे.

आणि त्या आईच्या घरात आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी बरोबर नेली नाही.

येशूच्या नासरेथ गावापासून सहा किलोमीटरवर सेफोरिस नावाचे गालीलमधले शहर होते. ज्यूंच्या धर्मशास्त्रचर्चांचा संग्रह असलेल्या तालमूदमध्ये या शहरातल्या चार बहिणींची हकिकत आहे. पहिलीने आपल्या मुलाची सुंता केली, तो मेला. दुसरीने केली, तो मेला. तिसरीचाही मेला. चौथी रब्बान शिमोन बेन गमलिएल या धर्मगुरूंकडे आली, आणि ते म्हणाले, करू नकोस. हे शिमोन दुसऱ्या शतकाच्या मध्याचे, म्हणजे जस्टिनच्याच पिढीतले. आणि जस्टिनही शेजारच्या शोमरोन प्रांतात जन्मलेला. त्याच चर्चेत एकाच आईची दोन मुले गेली की थांबायचे की तीन, यावर पंडितांमध्ये मतभेद नोंदवलेला आहे. आणि काही घराण्यांचे रक्त सैल असते, काहींचे घट्ट धरणारे, असेही एक वाक्य आहे.

ही हकिकत मी किती वेळा वाचली असेल याला गणती नाही. आठव्या दिवशीची सुंता ही साक्षात देवाशी केलेल्या कराराची खूण आणि तीच टाळायला सांगणारा माणूस धर्मशास्त्राचा अधिकारी. त्याने बहिणींच्या पापाचा हिशेब मागितलेला नाही, निदान हकिकतीत तरी नाही. त्याने मोजले: एक, दोन, तीन. बहिणीच्या मुलाला झाले म्हणून बहिणीच्या मुलाला होऊ शकते, म्हणजे हे बायकांमधून येते, एवढे त्याला गुणसूत्रांशिवाय, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसले. माझ्या आजीकडे, मावशीकडे आणि आईकडे मोजण्याइतकी मुले होती. त्यांना मोजून देणारे कोणी नव्हते.

इकडे ख्रिस्ती मंडळींनी सुंतेचा प्रश्न सन 49 च्या आसपास यरुशलेमेच्या सभेत मिटवला होता. परराष्ट्रीयांवर, म्हणजे ज्यू नसलेल्यांवर, ती सक्ती नको, असे ठरले. ख्रिस्ती प्रेषित पौलासाठी हा स्वातंत्र्याचा मुद्दा होता आणि त्यामागची कारणे सर्वस्वी वेगळी होती. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आठव्या दिवशीची सुरी गेली, तिच्याबरोबर कित्येक मुलांचा मृत्यू टळला असेल, आणि त्या मृत्यूंबरोबर मोजण्याचा प्रसंगही गेला. हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे. तरीही ज्या परंपरेत आनुवंशिकतेचा पुढे सर्वांत जास्त विचार झाला, तिथे तो रक्ताच्या अंगाने न होता पापाच्या अंगाने झाला, हा मात्र इतिहास आहे.

तो विचार करणारा माणूस म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन, 354 ते 430. त्याच्यावर रागावणे सोपे आहे आणि मी बराच काळ रागावलेली होते. आदामाचे पाप प्रत्येक माणसात जन्मतःच उतरते आणि ते उतरते प्रजननातूनच, ही त्याची मांडणी. पौलाच्या रोमकरांस पत्रातले पाचव्या अध्यायातले एक वाक्य त्याने ज्या लॅटिन भाषांतरात वाचले त्यात ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघत होता. मूळ ग्रीक शब्दांचा रोख ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा आहे. पूर्वेकडच्या ग्रीक वाचणाऱ्या चर्चने वारशाने येणारा अपराध अशा रूपात कधी स्वीकारला नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीचा भार एका शब्दयोगी अव्ययावर पडावा, याचे भाषेच्या शिक्षकांना तरी नवल वाटू नये.

पण ऑगस्टीन या मताशी पोचला तो मुलांच्या दुखण्यांवरून, हे माझ्या उशिरा लक्षात आले. 415 मध्ये बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याला लिहिलेल्या एका लांबलचक पत्रात तो आत्म्याच्या उगमाची चर्चा करता करता थांबतो आणि विचारतो, की लहान मुलांचे हे हाल, त्यांची आजारपणे, त्यांच्या वेदना, आणि काही जण जन्मतःच मंदबुद्धी असतात ते, हे सगळे न्यायी देवाच्या राज्यात कशासाठी? उत्तर सापडत नाही असे तो मोकळेपणाने लिहितो. त्याला स्वतःला अदेओदातुस नावाचा मुलगा होता आणि तो सतराव्या वर्षाच्या आसपास गेला होता. ऑगस्टीनला देव अन्यायी म्हणायचा नव्हता आणि मुलांच्या वेदना खोट्या म्हणायच्या नव्हत्या. मग उरला एकच मार्ग, मुले निष्पाप नाहीत असे म्हणण्याचा. शिष्यांनी विचारलेल्या दोन पर्यायांना येशूने ‘नाही’ म्हटले होते. ऑगस्टीनने जन्मांध माणसाचे आईबाप सोडून थेट सगळ्यांच्या पहिल्या आईबापांपर्यंत प्रश्न मागे नेला आणि तिथे ‘होय’ म्हटले.

त्याला आडवा आला तो दक्षिण इटलीतल्या एक्लॅनमचा तरुण बिशप ज्युलियन. ज्युलियनचा बाप मेमोर हा ऑगस्टीनचा स्नेही, म्हणजे हे भांडण तसे घरातलेच. 418 नंतर ज्युलियनचे बिशपपद गेले, हद्दपारी आली, तरी तो लिहीत राहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जो देव नवजात बालकांना दुसऱ्याच्या अपराधासाठी छळतो तो देव न्यायाधीशच नव्हे. पाप ही इच्छेने करायची गोष्ट आहे, निसर्गाने अंगात येणारी नव्हे. मला हे वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण ऑगस्टीन जेव्हा उलट विचारतो, की मग आंधळी, बहिरी, पांगळी जन्मणारी मुले तू कशी समजावून देणार, तेव्हा ज्युलियनच्या स्वच्छ युक्तिवादाला मुलाच्या खाटेजवळ उभे राहता येत नाही. ऑगस्टीन चुकीच्या उत्तरासह का होईना, तिथे उभा आहे.

याच वादात एक अनपेक्षित जागा आहे. ज्युलियनविरुद्धच्या ग्रंथात ऑगस्टीन त्या सोरेनस वैद्याचा हवाला देऊन सायप्रसच्या एका कुरूप राजाची गोष्ट सांगतो: आपल्यासारखे मूल होऊ नये म्हणून तो समागमाच्या वेळी बायकोसमोर एक देखणे चित्र ठेवी. पुढे म्हातारपणी स्वतःचे ग्रंथ तपासताना ऑगस्टीनने दुरुस्ती केली, की राजाचे नाव मी स्मरणदोषाने दिले, सोरेनसने ते दिलेले नाही. नावाची चूक त्याला सुधारावीशी वाटली. आईच्या नजरेला पडले ते मुलात उतरते ही समजूत मात्र तशीच राहिली. मला हसू आले आणि लगेच आठवले, की माझ्या सातव्या महिन्यात ग्रहण होते तेव्हा मला दिवसभर विळीला हात लावू दिला नव्हता, मुलाचा ओठ फाटेल म्हणून. मीही लावला नव्हता. इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेऊन मी पाटावर हात बांधून बसले होते.

ऑगस्टीनच्या मांडणीत दोष वाहून नेण्याचे काम बापाच्या बीजाकडे होते आणि म्हणून मानवी बापाशिवाय जन्मलेला येशू त्यातून सुटला. आमच्या घरात ते काम आईकडे आहे. दोन्हीकडे ‘वारसा’ हा शब्द आहे आणि दोन्हीकडे मुलाने काहीच केलेले नाही. फरक एवढाच, की समुपदेशन करणाऱ्या बाईंनी गोलात टिंब काढताना माझ्याकडून क्षमा मागवली नाही. पुढच्या मुलीची तपासणी कधी करायची ते सांगितले. ‘दोष’ या आपल्या शब्दात बिघाडही बसतो आणि अपराधही बसतो, ही मराठीची सोय नव्हे, अडचण आहे. मीसुद्धा वर ‘दोषी जनुक’ असे लिहून गेले आहे आणि ते खोडलेले नाही.

ज्युलियनला उत्तर देणारा शेवटचा ग्रंथ अपुरा ठेवून ऑगस्टीन 430 च्या ऑगस्टमध्ये वारला, तेव्हा हिप्पोला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडला होता. बिशप आपापसांत काय लिहीत होते ते असे उरले. साधी माणसे काय करत होती हे कळायला मातीकडेच जावे लागते. फ्रान्समध्ये शालों-स्युर-सोन येथे पाचव्या-सहाव्या शतकातल्या एका दफनभूमीत पाच ते सात वर्षांच्या मुलाचा सांगाडा मिळाला. कवटीच्या ठेवणीवरून त्या मुलाला डाउन सिंड्रोम असावे असा निष्कर्ष संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केला. मूल इतरांच्या शेजारी, इतरांसारखेच पुरलेले होते, वेगळी अशी कोणतीही खूण नव्हती. हे ख्रिस्ती शिकवणीचे फळ, असे मी म्हणाले असते. पण 2024 मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएवरून डाउन सिंड्रोमची जी बालके ओळखली गेली त्यांतली बहुतेक ख्रिस्तपूर्व काळातली आहेत, आणि स्पेनमधली लोहयुगातली काही बालके तर वस्तीच्या आत, घरांच्या जमिनीखाली जपून पुरलेली आहेत. कोणत्याही बिशपने न सांगता कोणीतरी त्यांना घरातच ठेवून घेतले होते.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा फॅक्टर टोचायचे. फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बाटलीशेजारी त्याच्या बाटल्या असतात आणि पाहुण्यांना आधी सांगावे लागते. सुईला शीर तोच दाखवतो. 2016 च्या कायद्याने हिमोफिलिया अपंगत्वांच्या यादीत आला, त्याचे प्रमाणपत्र आम्ही काढले आहे. त्यावरच्या फोटोत त्याच्या कानाच्या पाळ्या कोऱ्या दिसतात, भोके केव्हाच बुजली. क्रिकेट खेळायला मनाई आहे आणि तो ते खेळतो.

माझी धाकटी बहीण गेल्या महिन्यात बाळंत झाली. मुलगा झाला. तिने स्वतःची तपासणी आधी करून घेतली नव्हती. मी दोनदा सुचवले, तिसऱ्यांदा सुचवायचा धीर मला झाला नाही, कारण त्या सूचनेत मला आमच्या चुलत सासूबाईंचा आवाज ऐकू येऊ लागला होता. बारशाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मागे भांड्यांचा, माणसांचा गलबला होता, कोणीतरी पाळण्याला फुले कशी बांधायची यावर वाद घालत होते.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘उद्या सोनार येणार आहेत. काय सांगू त्यांना?’

‘नको म्हणून सांग,’ मी म्हणाले.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग फोन कानाशी तसाच ठेवून तिने सासूबाईंना हाक मारली.